पायी जाण्याच्या अंतरावर

आमच्या घरात नगररचना ताटावर शिकवली जायची. कुवेतमधल्या फिंतासच्या त्या फ्लॅटमध्ये जेवणाचं टेबल होतं, पण त्यावर बाबांचे नकाशे पसरलेले असत, म्हणून आम्ही खाली फुलाफुलांचा प्लास्टिकचा कपडा अंथरून जेवायचो. बाबा भाताची मूद ताटाच्या मधोमध सरकवायचे. "ही शाळा." लिंबाची फोड तिच्या शेजारी. "ही मशीद. आणि ही चटणी म्हणजे जमिया." जमिया म्हणजे तिथलं सहकारी भांडार, पिठापासून टाचणीपर्यंत सगळं तिथं मिळायचं. मग वरणात बोट बुडवून ते भाताभोवती घरांचे ठिपके काढायचे आणि ताटाची कड दाखवून म्हणायचे, "हा मोठा रस्ता. गाड्या बाहेरच्या बाहेर. आत फक्त माणसं. लहान पोराला मोठा रस्ता न ओलांडता शाळेत जाता आलं पाहिजे, त्याच्या आईला पिशवी घेऊन जमियात जाता आलं पाहिजे. पायी! झाली वस्ती." एकदा आईनं विचारलं, "आणि यात आपण कुठं राहतो?" बाबांनी ताटाकडे अगदी प्रामाणिकपणे पाहिलं. "आपण... तसं बघायला गेलं तर ताटाच्या बाहेर." आई त्यांना वाढायला आणलेलं तूप तसंच परत घेऊन गेली.

मिरजेत कुणी विचारलं तर "हे कुवेतला नवी शहरं वसवतात" असं आमची आजी सांगायची. प्रत्यक्षात बाबा एका परदेशी सल्लागार कंपनीत ड्राफ्ट्समन होते आणि साहेबांनी पेन्सिलीनं ओढलेल्या रेघा शाईनं पक्क्या करायचे. चालण्याजोग्या वस्तीची ती कल्पना त्यांची नव्हती, साहेबांचीही नव्हती. रस्त्यांवर मोटारी वाढायला लागल्या तेव्हा विलायतेत आणि अमेरिकेत कुणाकुणाला ती सुचली होती आणि हिंडत हिंडत ती वाळवंटात येऊन पोचली होती. पण बाबांनी तिला असं पोटाशी धरलं होतं की जणू ती आमच्याच घराण्यात जन्मली. दोन घरांच्या पिछाड्यांमधून जाणारी पायवाट काढताना ते श्वास रोखून धरत. नकाशावर ती वाट हिरव्या तुटक रेघेची असे. ती रेघ घरापासून शाळेपर्यंत गेली की बाबा एखाद्या पोराला शाळेत सोडून आल्यासारखे हात झटकत. ते स्वतः मात्र दाराबाहेर पडले की गाडीत बसत. खालच्या दुकानातून दही आणायलासुद्धा मला पाठवत. मी तेव्हा अंगानं अशी गुटगुटीत होते की जिना उतरताना खालच्या मजल्यावरची इजिप्शियन बाई दार उघडून बघायची, कुणी सामान हलवतंय का म्हणून.

आईचं मात्र सगळं आयुष्य पायांवर चाललेलं. मिरजेत ती मंडईत चालत जायची, माहेरी चालत जायची, भांडण झालं तर स्टेशनपर्यंत चालत जाऊन परत यायची आणि येताना भांडण विसरून चार केळी घेऊन यायची. फिंतासला आल्यावर तिच्या पायांना करण्यासारखं काही उरलं नाही. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. खाली एक बकाला, म्हणजे छोटं किराणा दुकान. तिथल्या मल्याळी माणसाला खिडकीतून हाक मारायची, दोरीला बांधलेली टोपली सोडायची की कांदे, कोथिंबीर, गरम खुबूस रोट्या वर. हमीदाभाभी, समोरच्या फ्लॅटमधल्या, रत्नागिरीकडच्या, त्या तर मासेवाल्याचा पापलेटसुद्धा टोपलीतून चढवायच्या. खिडकीतून पाहिलं की हायवे, आणि हायवेपलीकडे जमियाची हिरवी पाटी. पाटीवरची अरबी अक्षरं आईला वाचता येत नसत, पण कुठला बल्ब गेलाय ते दिसायचं, इतकी ती जवळ होती. आणि तिथं आम्ही गुरुवारी संध्याकाळी जायचो, बाबांच्या गाडीतून, लांबचा वळसा घालून, कारण तो हायवे पायी ओलांडायची सोयच कुणी केली नव्हती. बाकीचे दिवस खिडकीतल्या एसीची घरघर, पाण्याच्या टँकरची पंप-पंप आणि दुपारभर बंद पडदे.

ती चालायला बाहेर पडली नाही असं नाही. एकदा हिवाळ्यात, हवा छान पडलेली, ती साडीवर बाबांचा स्वेटर घालून निघाली. मला सोबत घेतलं. कोपऱ्यापर्यंत गेलो नाही तोच एक गाडी थांबली. "मदाम, प्रॉब्लेम?" आई म्हणाली, नो प्रॉब्लेम. दुसरी थांबली. टॅक्सीवाल्यानं हॉर्न वाजवत आमच्याबरोबर हळूहळू गाडी चालवली, जणू आमची वरात. शेवटी पोलिसांची गाडी. त्यातल्या तरुण पोलिसानं फार अदबीनं विचारलं की तुमची गाडी कुठं बंद पडलीय. आईला ते समजावून सांगता येईना की गाडी बंद पडलेली नाही, मला नुसतं चालायचंय. "नुसतं" हा शब्द मला तेव्हा ना इंग्रजीत सापडला, ना शाळेतल्या अरबीत. पोलिसांनी आम्हाला गाडीत घालून घरी आणून सोडलं. जिन्यात हमीदाभाभी होत्या. "वैनी, हय कुठं चालतंस गो तू? हय मांजर पण गाडीतनं जातंय!" आई हसली, पण स्वेटर काढून तिनं कपाटात जो टाकला तो पुन्हा बाहेर काढला नाही. त्यानंतर ती घरातच चालायची. स्वयंपाकघरातून पॅसेज, पॅसेजमधून बेडरूमची खिडकी, खिडकीला हात लावून परत. आम्ही अभ्यासाला बसलो की तिच्या चपला ऐकू यायच्या. माझा धाकटा भाऊ संजू एकदा वैतागून म्हणाला, "आई, प्लीज! यू आर लाइक द झू." त्याला वाघ म्हणायचं होतं की अस्वल, कोण जाणे. आईनं चपला काढल्या आणि अनवाणी चालायला लागली.

आज मी तिच्या तेव्हाच्या वयापेक्षा खूपच मोठी आहे. पुण्यात राहते, घरासमोर फूटपाथ आहे, त्यावर स्कूटरी चालतात आणि मी घरातल्या ट्रेडमिलवर. तेव्हा मला दिसलं नव्हतं ते आता दिसतं, की आई चालत नव्हती, झिजत होती. एके दिवशी पोळ्या लाटता लाटता तिनं सांगून टाकलं, आवाज न चढवता. "जूनमध्ये सुट्टीला जाऊ ना, तेव्हा आमची परतीची तिकिटं काढू नका. पोरांची नावं मिरजेच्या शाळेत घालते. तुम्ही येत जा वर्षातून एकदा, सगळ्यांचे येतात तसे." बाबा म्हणाले, "असं काय करतेस सुमे?" "काय करते म्हणजे? दाराबाहेर पाऊल टाकून जाता येईल असं घर द्या मला. मोठं नको. जिथनं पिशवी घेऊन निघता येईल असं. तुम्ही दुसऱ्यांना देता की रोज, शाईनं." बाबांनी पोळीचा तुकडा तसाच हातात धरला. मला वाटतं, कुणी त्यांच्या कामातलं काही मागण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि ती अशी.

बाबा तसे कामाला लागले. ऑफिसच्या ड्रायव्हरकडून त्यांना कळलं की त्यांनीच काही वर्षांपूर्वी शाई केलेल्या एका वस्तीत, कुवेती लोकांच्या बंगल्यांच्या भागात, एका घराच्या मागची आउटहाउस भाड्यानं मिळतेय. दोन खोल्या, मोरी, वेगळा दरवाजा. घरमालकाशी फोनवर बोलणं झालं. शुक्रवारी दुपारी या, म्हणाला. आता कुणीही माणूस घर बघायला पुढच्या दारानं जातो. पण बाबांना आईला घर दाखवायचं नव्हतं, वाट दाखवायची होती. त्यांनी गाडी वस्तीच्या बाहेर, ताटाच्या कडेला म्हणा हवं तर, उभी केली, तीही दुपारची वाट न बघता सकाळीच, आणि निळसर नकाशाची गुंडाळी माझ्या हातात दिली. "मंजू, तू वाटाड्या. हिरवी रेघ सोडायची नाही." त्या दिवशी त्यांनी इस्त्रीची पँट आणि लग्नातले बूट घातले होते. आईनं नवी चप्पल. संजू म्हणाला, "आय अॅम नॉट वॉकिंग, मी गाडीत थांबतो," म्हणून त्याला कानाला धरून बरोबर घेतलं.

वाटेच्या तोंडाशी नकाशात नसलेलं लोखंडी फाटक होतं. उघडं होतं, त्यामुळे बाबांनी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. आत शिरलो आणि आईचा चेहरा बदलला. दोन्ही बाजूंना घरांच्या मागच्या भिंती, वरून बोगनवेल आलेली, खाली सावली, मोटारीचा आवाज नाही. "बघ," बाबा म्हणाले, अगदी हळू, देवळात बोलतात तसं. "हे मी काढलंय." आई पुढं चालायला लागली, आणि इतक्या भराभर, की मला नकाशा सांभाळत पळावं लागलं. (मी तो उलटा धरला होता, हे नंतर कळलं, सुदैवानं वाट सरळ होती.) कुठं कोंबड्यांचं खुराडं वाटेतच बांधलेलं, कुठं एकानं गालिचा धुऊन वाळत घातलेला. बाबा प्रत्येक ठिकाणी जीभ टाळ्याला लावून च्च करायचे. आणि मग वाट संपली. शाळेकडे उघडायला हवी होती तिथं विटांची भिंत, पुरुषभर उंच, व्यवस्थित रंगवलेली. बाबांनी भिंतीवर हात फिरवून पाहिला. नकाशा सुलटा करून पाहिला. "असं कसं? इथून पुढं शाळा आहे." भिंतीपलीकडे शाळा होतीही, झेंड्याची काठी दिसत होती. "चला, मागं फिरू," आई म्हणाली. मागं फिरलो, तेव्हा त्या टोकाचं फाटक बंद झालेलं होतं. त्याला आतून कुलूप.

मी रडायला लागले, हे मोकळेपणानं सांगते. मला वाटलं आता आम्ही इथंच राहणार. बाबा फाटक हलवून पाहत होते, एवढ्यात बांग झाली, आणि थोड्या वेळानं आजूबाजूच्या घरांतून पुरुषमाणसं नमाजाला निघाल्याचे, गाड्या सुरू झाल्याचे आवाज आले. ते आवाज विरले आणि भिंतींमधले मागचे दरवाजे एकामागून एक उघडले. बायका बाहेर आल्या. घरातले लांब रंगीत झगे, मोकळे केस, कुणाच्या हातात थर्मास, कुणाच्या काखेत पोर, कुणी खुर्ची ओढत आणतेय. आणि त्या सगळ्यांच्या मधोमध लग्नातले बूट घातलेले माझे बाबा. जी किंकाळी फुटली ती मी आयुष्यात विसरणार नाही. दरवाजे धाडकन लागले, एक थर्मास पडला, कोंबड्या ओरडल्या. बाबांनी तोंड भिंतीकडे केलं, नकाशा माझ्याकडून हिसकून डोक्यावरून घेतला आणि त्या भिंतीलाच सांगायला लागले, "सॉरी! सॉरी! मुहंदिस! मुहंदिस!" म्हणजे मी इंजिनिअर आहे. ते इंजिनिअर नव्हते, पण ती वेळ खुलासा करण्याची नव्हती.

एक दार उघडंच राहिलं होतं. त्यात एक म्हातारी बाई उभी होती, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. तिनं आईच्या साडीकडे पाहिलं. "हिंदी?" आईनं मान हलवली. "बंबई?" "नाही, मिरज." "मिरज... बंबई के अंदर?" आई म्हणाली, "बाजूला." म्हातारीला ते पटलं. तिचा नवरा पूर्वी जहाजावर होता, मुंबईला खजूर घेऊन जायचा. तिच्याकडे त्यामुळे दहा-पंधरा हिंदी शब्द होते आणि ते सगळे तिनं त्या दिवशी वापरले. तिला सगळे उम जासिम म्हणत, जासिमची आई. फोनवर बाबांशी बोललेला तोच जासिम, आणि ती आउटहाउस तिच्याच घराची. फाटकाला कुलूप लावणारीही तीच. पूर्वी पोरं इथून मोटारसायकली हाकायची, बायकांना दारात उभं राहता येईना, म्हणून गल्लीतल्या बायकांनी मिळून एका टोकाला भिंत घातली आणि दुसऱ्या टोकाला फाटक. शुक्रवारी पुरुषांची मशिदीत जायची वेळ झाली की कुलूप, आणि मग ही गल्ली त्यांची. हे सगळं हातवारे, हिंदी आणि माझं मोडकं अरबी यांतून आईला कळेपर्यंत उम जासिमनं बाबांना दंडाला धरून, मागं न बघता, फाटकाबाहेर काढलं होतं. संजूलाही. मग पुन्हा कुलूप.

दरवाजे परत उघडले. आईला खुर्ची मिळाली, काळा चहा मिळाला, मीठ-लिंबू लावलेले उकडलेले हरभरे मिळाले. एकीनं तिच्या साडीच्या निऱ्या मोजून पाहिल्या, एकीनं माझे गाल ओढून "माशाल्ला" म्हटलं. माझ्या जाडेपणाचं कौतुक झालेली ती आयुष्यातली एकमेव जागा. फाटकाच्या खालच्या फटीतून बाबांचे बूट दिसत होते. ते बूट मधूनमधून अस्वस्थ व्हायचे. "सुमे! ठीक आहेस ना गं?" "थांबा हो! चहा पितेय!" आई ओरडली आणि हसली. असं हसताना मी तिला फिंतासमध्ये पाहिलं नव्हतं. मग ती उठली, उम जासिमच्या सुनेबरोबर त्या गल्लीतून चालायला निघाली. भिंतीपर्यंत गेली. भिंतीला हात लावला. परत आली. पुन्हा गेली, पुन्हा हात लावला, परत आली. तिसऱ्या खेपेला ती भिंतीपाशी थोडी थांबली आणि वर झेंड्याच्या काठीकडे बघत राहिली.

पुरुष परतायची वेळ झाली तेव्हा खुर्च्या आत गेल्या, फाटक उघडलं आणि बाबा-संजू आत आले. आम्ही आउटहाउस पाहिली. खोल्या चांगल्या होत्या, भाडंही जमण्यासारखं. उम जासिमच्या सुनेनं आम्हाला आमच्या गाडीपर्यंत सोडायचं ठरवलं, एवढ्या उन्हात चालवत नेणं तिला बरं दिसेना. तिची लांबलचक अमेरिकन गाडी होती. आई पुढं बसली, बाबा मागं, नकाशा मांडीवर. ती मुलगी एका हातानं चाक फिरवत होती आणि दुसऱ्या हातानं बांगड्या सारख्या करत होती. आई तिच्या पायांकडे टक लावून बघत होती. "मंजू, विचार तिला, शिकायला अवघड गेलं का." मी इंग्रजीत विचारलं. ती म्हणाली, नवरा शेजारी बसून ओरडायचा तोवर अवघड गेलं. मग मी त्याला उतरवलं आणि सोपं झालं. मी हे भाषांतर केलं. मागच्या सीटवर बाबा नकाशाची गुंडाळी करायला लागले.

आमच्या गाडीत बसल्यावर बाबा चिडूनच बोलायला लागले. "सार्वजनिक वाट आहे ती. भिंत घातली म्हणजे काय! उद्या साहेबांना सांगतो, पाडून टाकतील. फाटकही."

"काही सांगायचं नाही," आई म्हणाली. "इतकं चांगलं काहीतरी काढलंत एकदा, त्या बायका वापरतायत ते, तर पाडायला निघालात?"

बाबांना हे कौतुक आहे की नाही ते कळेना. "म्हणजे घर आवडलं? घ्यायचं?"

"नाही."

"का? वाट आहे, सावली आहे, बायका चांगल्या आहेत..."

"चांगल्याच आहेत हो. पण ती त्यांची आहे. आयाबहिणी, सुनाजावा. मी तिथं रोजची पाहुणी. शिवाय चालून पाहिलं मी. भिंत येते. आपला पॅसेज जरा लांब केलाय, एवढंच." तिनं बाबांच्या हातातल्या चाकाकडे बोट केलं. "मला गाडी शिकवा."

"मी?" बाबा म्हणाले. "सुमे, अगं मी सगळा जन्म माणसांनी चालावं म्हणून..."

"चालणारच आहे मी. पण जिथं चालता येतं तिथं पोचायला तर हवं. जूनपर्यंत बघू. जमलं तर बघू."

मंगफ गावाच्या पुढं तेव्हा नुसते आखलेले प्लॉट होते. रस्ते झालेले, घरं नाहीत, जमिनीत लाकडी खुंट्या मारलेल्या. तिथं दर शुक्रवारी आमची शाळा भरली. बाबा ओरडायचे, आई खुंट्या पाडायची, बाबा उतरून त्या पुन्हा रोवायचे, कारण ती कुणाच्या तरी घराची हद्द होती आणि त्यांना ते सहन होत नसे. मागच्या सीटवर संजू आणि मी दप्तरं पोटाशी धरून बसायचो. हमीदाभाभी एकदा आल्या आणि पहिल्याच ब्रेकला "या अल्लाह, माका उतरव!" म्हणून जमिनीवर जाऊन बसल्या. एकदा बाबा इतके चिडले की आईनं इंजिन बंद करून शांतपणे सांगितलं, "उतरा." आणि ते उतरले. ओसाड चौकात उभे राहून त्यांनी पाहिलं की गाडी त्यांच्याभोवती सरळ, नीट, एकही खुंटी न पाडता वळसा घालून येतेय. परीक्षेत आई पहिल्या खेपेस नापास झाली, दुसऱ्या खेपेस पास. मे महिना अर्धा सरला होता. सूटकेसा पलंगाखालून बाहेर निघाल्या होत्या आणि तिकिटांचा विषय कुणीच काढत नव्हतं.

लायसन्स मिळाल्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी आईनं आम्हा सगळ्यांना पहाटे उठवून गाडीत बसवलं. फिंतासचा समुद्र आमच्या घरापासून खरं तर लांब नव्हता, पण मध्ये तोच हायवे. तिनं वळसा घेतला, सिग्नलला थांबली, खाली किनाऱ्याशी जाऊन गाडी वाळूच्या कडेला लावली. तिथं तेव्हा काही नव्हतं. ना बाक, ना फरसबंदी, ना कुणाची हिरवी रेघ. ओहोटी होती. तिनं चपला काढून हातात घेतल्या. बाबांनी त्यांच्या बाजूचं दार उघडलं.

"तुम्ही नको," ती म्हणाली. "पोरांजवळ बसा."

बाबांनी दार ओढून घेतलं. आम्ही तिघं काचा खाली करून बसलो. ती पाण्याच्या कडेनं निघाली, आधी सावकाश, मग तिच्या मिरजेच्या चालीनं, पदर खोचून. मला वाटलं आता वळेल, वळली नाही. लहान होत गेली. संजूनं विचारलं, "व्हेअर इज शी गोइंग?" बाबांनी पुढं वाकून समोरची काच पुसली. ऊन वर आलं, गाडी तापली, संजू कुरकुरून झोपून गेला. बाबा पुढच्या काचेतून त्या दिशेला बघत होते, आणि त्यांचे दोन्ही हात गुडघ्यांवर असे पडले होते जसे वाट बघणाऱ्या बायकांचे पडतात.

ती परत आली तेव्हा साडी गुडघ्यापर्यंत ओली होती आणि नाकावर घाम. ड्रायव्हरच्या सीटवर बसून तिनं पायांची वाळू झटकली.

"कुठं गेली होतीस?" बाबांनी विचारलं.

"कुठं नाही. नुसती."

तिनं आरसा नीट केला, मागं बघितलं, गाडी सुरू केली. हायवेला लागल्यावर, पुढच्या रस्त्यावरची नजर न काढता, म्हणाली, "सप्टेंबरची परतीची तिकिटं बघून ठेवा. चार."